खरवईच्या बाबांचं कमरेचं हाड

इतरांचा चेहरा गरम जिलेबी बघून खुलतो, हिमानीचा हाडं बघून. मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवणारी ही मुलगी मांजर्लीच्या घरी आलेली स्थळंसुद्धा त्याच नजरेनं बघते. आईनं, म्हणजे मालिनीताईंनी, "मुलगा कसा वाटला?" असं विचारलं की फोटो डोळ्यांजवळ नेऊन म्हणते, "जबडा चांगला आहे." मालिनीताईंनी हल्ली विचारणं सोडलंय.

अशा मुलीला खरवईहून बोलावणं आलं, तेव्हा ती चहा अर्धा टाकून निघाली.

खरवईच्या शिवारात बाबांची समाधी आहे. फार पूर्वी कुणी बैरागी इथे येऊन राहिला, गेला, आणि गावानं त्याला तिथेच पुरलं, एवढीच माहिती. बाबा कडक ब्रह्मचारी, म्हणून बाईमाणसानं चौथऱ्यावर पाय ठेवायचा नाही. मागच्या भिंतीवर उल्हासनगरच्या पेंटरनं बाबांचं चित्र रंगवलेलं. मिशा अशा झुपकेदार, की आधी मिशा दिसतात, मग बाबा. दर पौर्णिमेला बाबांना चिलीम आणि नैवेद्य. नैवेद्य रांधायचा बनूबाईंनी, ठेवायचा त्यांच्या दिरानं, रघुनं. लग्न होऊन आल्यापासून बनूबाई ताट घेऊन चौथऱ्याखाली उभ्या.

यंदा चौथरा वाढवायला कडेनं खणलं आणि बाबाच वर आले. पोलिसांनी रीतीप्रमाणे हाडं तपासायला हिमानीला बोलावलं. पौर्णिमा दुसऱ्याच दिवशी होती.

रघुच्या ओटीवर चादर अंथरून हिमानीनं लॅपटॉप उघडला. बनूबाई तंबाखू मळत शेजारी टेकल्या.

"हाडावरून बाप्या का बाई, ते कळतं गो?"

"बऱ्याचदा कळतं, मावशी. कमरेच्या हाडाची मापं यात भरायची. हे सॉफ्टवेअर शेकडो माणसांच्या हाडांशी ताडून बघतं."

बनूबाईंनी रघुकडे पाठ केली. "आन बाई निघाली, तं मी वर चढन?"

आता हिमानीलाही पौर्णिमेची घाई झाली.

डावं हाड तुटकं होतं. जेवढी मापं मिळाली तेवढी भरली. उत्तर आलं: सांगता येत नाही.

"बगा," रघु खूश झाला. "मशीनला पन बाबांचा धाक हाय."

उजवं हाड चिखलानं माखलेलं होतं. हिमानीनं जुन्या टूथब्रशनं ते असं हळूहळू साफ केलं, की तान्ह्या बाळालाही कुणी इतकं जपून न्हाऊ घालत नसेल. मागची खाच मोकळी झाली. रुंद होती, बाईची असते तशी. पण डोळ्यांना आवडलेलं उत्तर मापांनीही द्यायला हवं. कॅलिपर लावून एकेक माप घेतलं, दोनदा घेतलं, भरलं.

"स्त्री," ती म्हणाली. "अठ्ठ्याण्णव टक्के."

रघुनं सावकाश टोपी काढली, पुन्हा घातली.

"आन ऱ्हायले दोन?"

"तेवढी शंका राहते, काका. यंत्र शपथेवर सांगत नाही."

"मग त्या दोन टक्क्यांत बाबा हायेत."

"ऱ्हाऊ दे की," बनूबाई म्हणाल्या. "दोन टक्के तू ये. बाकीचे मी चढते."

रघुनं एकदा हाडाकडे बघितलं. मग म्हणाला, "पन वयनी, पाय धुऊन चढ."

दुसऱ्या दिवशी हाडं पुन्हा मातीत विसावली. बनूबाई पाय धुऊन वर गेल्या, आपल्या हातानं ताट ठेवलं, आणि हात जोडून इतका वेळ उभ्या राहिल्या की हिमानीला चष्मा पुसावा लागला. भिंतीवरच्या मिशा सगळं बघत होत्या. खाली रघु चिलीम घेऊन घुटमळत होता.

"वयनी, आता ही ठेवायची का नाय?"

"ठेव की," बनूबाई वरूनच म्हणाल्या. "मला नाय का तंबाकू लागत?"