शांतव्वाच्या हातचं पाणी

आमच्या दवाखान्यात डॉक्टर केतनना कुणी फारसं घाबरत नसे. शांतव्वाला मात्र सगळे टरकून असत. मी काउंटरवर पेशंटचे नंबर लावायची आणि ती आत दुर्बीण धुवायची. पोटाच्या तपासणीला घशातून आत घालतात ती काळी, लांब, लवचीक दुर्बीण. आमच्याकडं ती एकच होती. तिच्या खोलीत मी चहाचा कप घेऊन डोकावले तरी आतून आवाज यायचा, "चंदना, कप घिऊन भाईर हो की!" मी चरफडत बाहेर.

शांतव्वा हुपरीची. वडील भीमाप्पा चांदीचे पैंजण करायचे. नवरा गेल्यावर ती इथं कामाला लागली, डॉक्टरांनी तिला सगळं शिकवलं, आणि म्हाताऱ्यानं बजावलं, "लोकांच्या पोटातली घाण धुतीस. तुझ्या हातचं पाणी घेनार न्हाय." तसं तो वागलाही. सणाला ती माहेरी जायची, तांब्या पुढं करायची. हा उठून माठातलं पाणी स्वतः ओतून घ्यायचा. मला त्याचा भयंकर राग यायचा. तिला यायचा नाही. डबा उघडला की हिचं हुपरी सुरू. अप्पांच्या शेजारी बसून घुंगरं ओवायची ते दिवस, ती शेगडी, तो धूर. "अप्पा पोकळ मनी पान्यात दाबून बघायचं. बुडबुडा आला की सांध्याची झाळ कच्ची, जोड परत करायचा. वाटी मी धरायची, चंदना." बोलता बोलता घास हातातच राहायचा. अप्पांनी एकदा आपल्या हातचं पाणी घ्यावं, एवढ्यासाठी ही बाई झुरत होती.

गंमत म्हणजे दुर्बिणीचीही परीक्षा तशीच. रोज पहिल्या पेशंटआधी ती दुर्बिणीत हवा भरायची, ती टबातल्या पाण्यात बुडवायची आणि टोक सगळीकडं वाकवून बघायची. बुडबुडे आले म्हणजे आवरणाला भोक. तिथं एका पेशंटची घाण अडकली तर ती दुसऱ्याच्या पोटात जाणार. बुडबुडे नसले की मग जंतुनाशक औषधात ठेवणं, स्वच्छ पाण्यानं धुणं, वाळवणं, दिवा आणि काच पाहणं.

नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात भीमाप्पांचं पोट दुखायला लागलं. दुसरीकडं कुठंही चला म्हणायचे, इथं नको. शांतव्वाच्या भावानं हातापाया पडून एका सोमवारी त्यांना आणलं. तपासणी असल्यानं म्हातारा रात्रीपासून उपाशी, पाण्याचा थेंबही नाही. शांतव्वा ठेवणीतलं इरकल नेसून आली होती.

"आज तपासनी न्हाय झाली, तर अप्पा पुन्यांदा हितं पाय ठेवायचं न्हाईत," ती मला म्हणाली आणि आत गेली.

बराच वेळ झाला तरी हाक येईना म्हणून मी आत डोकावले. ती टबाशी उभी होती. दुर्बिणीच्या टोकाजवळून बारीक बुडबुडे येत होते, एकामागून एक.

"एवढंसं तर आहे," मी म्हटलं. माझंही काळीज तुटत होतं.

तिनं डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बरं झालं दिसलं. आज कुणाचीच तपासणी नको. दुरुस्तीला पाठवू."

बाहेर सांगायला तीच गेली. म्हातारा भडकला. "बोलावून घिऊन चेष्टा करतीस व्हय?" आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. शांतव्वानं बापाचा दंड धरून त्यांना टबाशी आणलं, हातमोजे घातले, टोक पाण्यात वाकवलं. बुडबुडे आले.

भीमाप्पा कमरेत वाकून बघत राहिले. रागानं चढलेला श्वास हळूहळू खाली आला.

"झाळ कच्ची हाय," ते म्हणाले.

"व्हय, अप्पा."

"माल असा देत न्हाईत."

"न्हाय दिला, अप्पा."

म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि घसा खाकरला. "कोरड पडलीया. आता पानी चालंल न्हवं?"

डॉक्टरांनी मान हलवली. मी लगबगीनं माठाकडं वळले.

"तू न्हाय," भीमाप्पा मला म्हणाले. "तिला दिऊ दे."

शांतव्वानं हातमोजे काढले. हात साबणानं धुतले, मग पुन्हा एकदा धुतले. तांब्या भरताना अर्धं पाणी इरकलावर सांडलं.