सापुताऱ्याचा दीड दिवस

मी खोटं फारसं बोललेले नाही. धीरच होत नाही. पण एकदा बोलले, आणि ते सापुताऱ्याला.

लेक तेव्हा चौथीत होती. आम्ही नाशिक रोडला राहायचो, हे प्रेसमध्ये कामाला होते. धाकटे दीर निफाडकडे गावी शेती बघायचे. त्या वर्षी त्यांनी जुनी जीप घेतली होती. दिवाळी झाल्यावर ते जाऊबाईंना घेऊन दारात आले आणि म्हणाले, "वहिनी, चला. वणीला देवीचं दर्शन करू, तिथून सापुतारा. दोन राती तंबू ठोकून राहू. लय मजा हाय. तुम्हाला सैपाकाला सुट्टी!"

सुट्टी कसली. स्टोव्ह, परात, पातेली, तवा, पिठाचा डबा, सगळं जीपमध्ये चढलं. तंबू म्हणजे कांद्याच्या ट्रॉलीवर टाकायची ताडपत्री आणि चार बांबू. सासूबाई पुढे बसल्या, आम्ही मागे भांड्यांत पाय घालून.

लेकीच्या डोक्यात मात्र एकच होतं, घोडा. सापुताऱ्याला तळ्याकाठी घोड्यावर बसवतात, असं तिच्या वर्गातल्या कुणीतरी सांगितलं होतं. बसायचं तर होतं, आणि भीतीही वाटत होती. जीपमध्ये बसल्यापासून सारखी विचारायची, "आई, तू माझ्या मागे बसशील ना? घट्ट धरशील ना?" मी हो म्हणायचे. हे म्हणाले, "मी बसतो की." तर म्हणाली, "तुम्ही हसता."

पहिल्या दिवशी मी पहाटे उठून भाकऱ्या थापल्या. गडाच्या पायऱ्या सासूबाईंचा हात धरून चढले, तशीच उतरले. खाली आल्यावर पुन्हा चूल. संध्याकाळी सापुताऱ्याला पोचलो. दोघा भावांनी तंबू ठोकला, तो दोनदा पडला, दोघं हसत बसले. तोवर मी तीन दगड मांडून सहा माणसांचं पिठलं-भाकरी केलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायला पाणी आणलं. पाणी लांब होतं. चहा झाला, यांना परत चहा झाला, पोहे झाले. जाऊबाई अजून झोपलेल्या. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, त्यांना कुणी उठवत नसे. मी राखेनं पातेलं घासत होते. थंडीनं बोटांना चिरा पडल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "दुपारी वांग्याचं भरीत कर गं."

मी उठायला गेले, आणि उठवेना. आजारी नव्हते. अंगात काही उरलंच नव्हतं. आमच्या घरात बाईनं नुसतं बसायचं आणि कुणी का म्हणून विचारायचं नाही, अशी एकच वेळ असायची. माझ्या तोंडून गेलं, "आत्याबाई, मला शिवू नका."

सासूबाई दोन पावलं मागे सरकल्या. बोटं मोजली. "आत्ता? दिवाळीतच तर झालीस ना?"

"प्रवासानं झालं असेल."

"नशीब, काल दर्शन झालं. नाहीतर देवीला काय तोंड दाखवलं असतं? जा, त्या झाडाखाली बस."

मी बसले. जाऊबाईंना उठवलं. मला चहा मिळाला तो वरून ओतलेला, पण आयता. मग दुपारपर्यंत मी नुसती बसून होते. हात मांडीवर पडलेले. एवढा वेळ ते रिकामे कधी बघितलेच नव्हते. चुलीच्या धुरात जाऊबाई डोळे पुसत होत्या आणि मला त्यांची दयासुद्धा आली नाही.

दिरांनी भाकरी हातात घेऊन वाजवून बघितली. "ही भाकरी हाय का जीपची स्टेपनी?"

"खा नाय तर उपाशी ऱ्हा," जाऊबाई म्हणाल्या.

मी पदर तोंडाला लावून हसले.

ऊन उतरल्यावर सगळे तळ्याकडे निघाले. लेक पळत माझ्याकडे आली आणि तेव्हा मला घोडा आठवला. खरंच सांगते, सकाळी तो माझ्या मनातसुद्धा आला नव्हता.

"शिवू नकोस गं तिला!" सासूबाई ओरडल्या. "कावळा शिवलाय आईला."

लेक जागच्या जागी थांबली. तिला हे माहीत होतं. घरी दर महिन्याला बघत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "आजच?"

यांनी तिला उचलून घोड्यावर ठेवलं. तिनं खोगीर दोन्ही हातांनी धरलं आणि असा काही सूर लावला की घोडाच बिचकला. "आईच पाहिजे!" घोडेवाल्या म्हाताऱ्यानं तिला उतरवलं. मग दीर बसले, हे बसले, जाऊबाईसुद्धा बसल्या. लेक माझ्यापासून चार हात लांब येऊन बसली, रडली नाही. थोड्या वेळानं मोठ्या माणसासारखं म्हणाली, "उद्या निघायचंय ना आपल्याला? मग पुढच्या वेळी."

पुढची वेळ आमच्या घरात येत नसते, हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं असं वाटतं.

ती रात्र मी जीपमध्ये एकटीनं काढली. सकाळी तंबू सुटायला लागला. सासूबाई चहा गाळत होत्या. मी जवळ गेले, इतकी जवळ की त्यांनी गाळणं मागे घेतलं.

"आत्याबाई, मी बाहेरची नाही. खोटं बोलले."

त्या बघत राहिल्या. मला वाटलं, आता यांना हाक मारतील.

"का?"

"दमले होते."

"मग दमले म्हणायचं."

उरलेला चहा गाळून झाला. मग म्हणाल्या, "जा, पोरीला बसव घोड्यावर. आणि दुपारचा सैपाक तू करायचा, एकटीनं."

जाऊबाईंनी ऐकलं. हातातली परात त्यांनी दाणकन आपटली. "काल अख्खा दिवस मी धुरात डोळे फोडून घेतले, ताई!" हे नुसते बांबू बांधत राहिले.

सहावारी साडीत दोन्हीकडे पाय टाकता येईनात, म्हणून मी एका बाजूला बसले आणि लेकीला पुढ्यात घेतलं. घोडा हलला तसा माझाच जीव वर आला. घोडेवाला मागे वळून म्हणाला, "बाई, तुम्ही पोरीला धरलंय का पोरीनं तुम्हाला?" लेक मोठ्यानं हसली. एकच फेरी झाली. तिची पाठ माझ्या छातीला टेकलेली होती आणि ती घोडेवाल्याला सारखं विचारत होती, घोडा काय खातो, घोडा झोपतो कधी.

वाटेत एका ओढ्यापाशी जीप थांबवून मी सहा जणांचा स्वयंपाक केला. कुणी हात लावला नाही.

लेक आता तिच्या मुलांना ती फेरी रंगवून सांगते. जाऊबाईंनीही काही सोडलं नाही. पुढं कितीतरी वर्षं त्या आल्या आणि मी बाजूला बसलेली दिसले की दारातूनच विचारायच्या, "खरंच का, की सापुतारा?" सगळे हसायचे. त्या धास्तीनं मी पोटात कळा येत असल्या तरी आधी अर्ध्या दिवसाचं काम उरकायचे, मगच सांगायचे. पुढं पाळीच थांबली आणि तो प्रश्न मिटला. बसायला मिळायची ती एक जागाही गेली.