कपबशीतला चहा न पिणारा झरीवाला

डहाणूपासून तलासरीपर्यंत जेवढी माणसं चिकू विकतात, त्यांत ‘माझा चिकू अजून कच्चा आहे, आज नेऊ नका’ असं गिऱ्हाइकाला सांगणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा दोस्त आहे. मूळचा झरीचा. घरजावई होऊन आमच्या पाड्यात आला, म्हणून सगळे त्याला झरीवालाच बोलतात, त्याची सासूसुद्धा. बोर्डीच्या वाड्यांतून चिकू उचलायचा आणि खडखड्या टेंपोतून तलासरीला न्यायचा, हा त्याचा धंदा. मी त्याच वाड्यांत लांब काठीला जाळी बांधून चिकू उतरवतो. म्हणजे त्याचा माल आधी माझ्या टाळक्यात पडतो, मग त्याच्या टेंपोत. या माणसाला खोटं बोलता येत नाही. एकदा रस्त्यात पोलिसानं टेंपो अडवून विचारलं, “मागं माणसं बसवलीत का?” मागं क्रेटच्या मधे, गोणपाट अंगावर ओढून, मी झोपलेलो. दुसरा कोणीही ‘नाही साहेब’ बोलून मोकळा झाला असता. हा बोलला, “आहे साहेब, एक आहे. अरे लाडक्या, ऊठ, साहेब बघतायत.” तिथून घरी मी चालत आलो.

झरीवाला ख्रिस्ती, आणि तोही कडक. रविवारी त्याच्या पत्र्याच्या खोलीत पाड्यातली पाच-सात घरं प्रार्थनेला बसतात. प्रार्थनेशी माझं भांडण नाही. मी वाघदेवाला नारळ फोडतो, तो डोळे मिटतो. माझ्या नारळाचं खोबरं तो खात नाही, ते मला परवडतं. भांडण व्हायचं राजकारणावर. त्याचं म्हणणं, ताडी कायद्यानं बंद करावी, लग्नातला नाच बंद करावा, रविवारी सरकारनं एक कागदसुद्धा हलवू नये, आणि बाईनं पुरुषावर राज्य करू नये. पहिल्या दोन गोष्टी झाल्या तर मी जगायचं कशाला, हा माझा सवाल. पण चौथी गोष्ट तर थेट माझ्या घरात येऊन पडली, कारण सतरा-अठरा सालच्या सुमारास माझी बायको सुकरी पंचायतीला उभी राहिली.

“बाईनं राज्य करू नये? अरे, माझ्या घरात इतकी वर्षं कोणाचं राज्य आहे?” मी त्याला विचारलं.

“घरात चालतं,” तो बोलला.

“घरातलं राज्य जास्त कडक असतं रे. पंचायतीत निदान महिन्यातून एकदाच मीटिंग असते.”

“लाडक्या, पुस्तकात लिहिलंय ते मी बदलू शकत नाही.”

“पण जागाच बाईसाठी राखीव आहे! दोन्हीकडून बायाच उभ्या. मग तू मत देणार कोणाला?”

“कोणालाच नाही. तेपण बटण असतं.”

हे सगळं त्यानं सुकरीच्या तोंडावर, आमच्याच ओट्यावर बसून सांगितलं. सुकरीची निशाणी कपबशी. तिनं त्याच्यापुढं कपबशीत चहा ठेवला. हा हात मागं घेऊन बोलला, “वहिनी, मला पेल्यात द्या. कपबशी हातात दिसली तर लोकांना वाटेल मी तुमच्याकडून आहे. ती खोटी साक्ष होईल.” सुकरीनं स्टीलच्या पेल्यात चहा ओतून दिला. वर तिला तो माणूस आवडला. मला मात्र संशय आला. एवढा सरळ माणूस असतो का कुठं? मी स्वतःवरून जग ओळखतो, आणि माझ्यावरून बघितलं तर नसतो.

मग मी त्याच्यावर नजर ठेवायला लागलो. तो टेंपो चालवताना तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा, मला वाटायचं मतांचा हिशेब लावतोय. तो म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन बसायचा, मला वाटायचं फूस लावतोय. एकदा त्याच्या सीटखाली वही सापडली. शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो, तेही मास्तरांची बकरी बांधायला. अक्षर मला एकेक करून ओढावं लागतं. पण सुकरीचं नाव मी आमच्या पत्रकावर इतक्यांदा पाहिलेलं की लगेच ओळखलं. वहीत नावांची रांग होती. त्यात सुकरी. तिच्याखाली लाडक्या, आणि माझ्या नावाखाली दोन रेघा. झालं! ही आमच्याकडून फोडायच्या माणसांची यादी, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. वही जागेवर ठेवली आणि ठरवलं, मतदानाच्या दिवशी याला एक मिनिट नजरेआड होऊ द्यायचा नाही.

मतदान शाळेत होतं. शाळेसमोर बांबूचं बेट आहे, त्याच्यामागं मी सकाळपासून सायकल घेऊन उभा. झरीवाला टेंपोतून पाड्यापाड्यातल्या म्हाताऱ्या आणतोय, नेतोय. कोणाची म्हातारी कोणाला मत देणार, हे तो बघत नव्हता. रस्ताभर तोंडात लवंग धरून बसायचा, चुकून प्रचाराचा शब्द निघू नये म्हणून. टेंपो निघाला की मी मागून सायकल हाणायचो, टेंपो आला की पुन्हा बांबूमागं. दुपारपर्यंत मुंग्यांनी माझी पिंढरी खाल्ली. दोनदा सुकरीनं लांबून विचारलं, “तुझं झालं का?” मी हातानंच सांगितलं, झालं, झालं. मनात बोललो, आधी हा काय करतो ते बघू, माझं मत कुठं पळून जातंय?

अगदी शेवटी, सगळ्या म्हाताऱ्या घरी पोचवून झरीवाला स्वतः आत शिरला. मी बांबूतून मान लांब करून बघतोय, कोणाला खुणावतो का. आणि त्याच्या पाठीवर पोलिसानं शाळेचं फाटक लावलं.

मी धावत गेलो. पोलीस बोलला, “वेळ संपली, काका.” आतून झरीवाल्यानं मागं वळून बघितलं. “लाडक्या, तू राहिलास का रे? थांब, मी साहेबांना विचारतो.”

तेव्हा ‘हो’ बोललो असतो तर कदाचित काही झालं असतं. पण मी बोललो, “छे! माझं सकाळीच झालं. मी सहज आलो.”

घरी जाताना बोटावर शाई नाही हे लक्षात आलं. धोबी कपड्यावर खूण करायला बिब्बा वापरतात, तो काळा असतो एवढंच मला माहीत. सायकलवरून उतरून बिब्बा शोधला आणि चांगला दाबून बोटाला लावला. शाईपेक्षा झकास दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. सुकरीला आणि समोरच्या बाईला मतं सारखी! साहेबांनी डब्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या, ऑफिसातल्या बाईनं एक उचलली, आणि ती समोरच्या बाईची निघाली. सुकरी रडली नाही. घरी येऊन चुलीपुढं बसून एकेक घर मोजत राहिली. “झरीवाल्याचं नव्हतंच, तो सांगून गेला. पण एक आपल्यातलंच गेलं.” आणि तिचा संशय बसला माझ्या भावाच्या बायकोवर. जावेशी बोलणं बंद. एका विहिरीवर दोघी पाठ करून पाणी भरायला लागल्या. त्या जावेनं पंधरा दिवस प्रचारात उन्हातान्हात पाय भाजून घेतले होते. मी ते बघत होतो आणि गप्प होतो.

तिसऱ्या दिवशी माझं बोट फुगून चिकूएवढं झालं. फोड आले, पाणी सुटलं. सुकरी अख्ख्या पाड्याला सांगत सुटली, सरकारची शाई खराब आहे. झरीवाला ऐकून खोबरेल घेऊन आला. बोट हातात घेतलं, बघितलं, माझ्याकडं बघितलं. बिब्बा उतला की कसा दिसतो, ते त्याला कळत होतं. मग तो तेल लावत बसला.

सुकरीनं विचारलं, “भाऊ, शाईनं असं होतं का हो?”

तेल लावणारा हात थांबला. “वहिनी,” तो बोलला, “शाईनं असं होत नाही.” मग मला बोलला, “पुढचं तू सांग. माझ्या तोंडून नको.”

मी सांगितलं. बांबू, सायकल, फाटक, सगळं. सुकरी उठली, आणि आधी जावेच्या घरी गेली. चांगल्या दोन तासांनी परत आली. मला बोलली, “तो कपबशीत एक चहा प्यायला नाही, तरी मला माहीत होतं तो कुठं उभा आहे. तू रोज दोन कप पितोस.”

ती वही कसली, ते झरीवाल्याला मी नंतर विचारलं. प्रार्थनेत ज्यांच्यासाठी मागायचं त्यांची नावं, तो बोलला. “मग माझ्याखाली दोन रेघा कशाला?” तर बोलला, “तुझ्यासाठी एका वेळेत भागत नाही.”

त्याची मतं अजून तिथंच आहेत आणि मला ती अजून पटत नाहीत. बाईच्या राज्यावरून आम्ही टेंपोत अजून भांडतो. एकोणीस सालच्या मतदानाला तो माझ्या मागं रांगेत होता. बाहेर आल्यावर ‘दिलंस ना?’ असं विचारून त्यानं माझं बोट धरून उजेडात बघितलं. शाई बिब्ब्याच्या डागावर बसली होती, कोणती कुठली कळत नव्हती. तरी मी ‘दिलं’ बोललो तेव्हा त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, त्या वहीत आपलं नाव असू दे. रेघा दोन आहेत त्या दोनच राहू दे.