कुजबुजराव मोठ्याने बोलले
पडदा वर जातो. समोर लांबट खोली, फिकट हिरव्या भिंती, बारा खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीशेजारी छातीइतक्या उंचीचं एक यंत्र. दाराबाहेर चपलांचा ढीग, कारण आत चपला चालत नाहीत. डावीकडून तिसऱ्या खुर्चीत, पायांवर तपकिरी घोंगडी घेऊन, आमच्या नाटक कंपनीचे प्रॉम्प्टर बसलेले आहेत. जन्मभर विंगेत बसलेल्या माणसाला अखेर मधोमध जागा मिळाली, ती ही अशी.

आम्ही त्यांना कुजबुजराव म्हणत असू. चौतीस वर्षं त्यांनी अंधारात स्टुलावर बसून आम्हाला वाक्यं पुरवली. नट अडला की वाक्य सांगणारे पुष्कळ असतात. हे अडायच्या आधी सांगत. "बाई, विसरलेला माणूस डोळे फिरवतो, पण त्याच्या आधी त्याचा गळा हलतो. मी गळ्याकडे बघतो," हे त्यांचं गुपित. आणि आवाज असा, की माझ्या कानात पोचेल पण पहिल्या रांगेत नाही. टाळ्या मी घेतल्या. चांगल्या भरभरून घेतल्या.

किडन्या निकामी झाल्या तेव्हा ते सत्तरीला टेकले होते आणि हृदयही थकलं होतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की दुसऱ्याची किडनी बसवण्याच्या यादीत तुमचं नाव घालता येणार नाही. आठवड्यातून तीनदा यायचं, चार-चार तास डायलिसिस करायचं. "म्हणजे प्रयोग चालू, फक्त मध्यंतर नाही," ते मला म्हणाले. दर मंगळवारी मी सोबतीला जाऊन बसू लागले.

शेजारच्या खुर्चीत एक इस्त्रीवाली असे. पस्तिशीची, मनगटांवर भाजल्याचे जुने डाग, घरी शाळेत जाणारी मुलगी. तिचं नाव यादीत घालून तीन वर्षं झाली होती. खिडकीपाशी एक गिरणीमालक बसत. ते चारच महिन्यांपूर्वी आलेले. दोघांचा रक्तगट एक, म्हणून ते तिला "ही आमच्या रक्ताची" म्हणून चिडवत आणि ती खुदकन हसे. माणूस दिलदार होता. त्यांचा मॅनेजर फाईल घेऊन बरोबर येई. कुठली तपासणी कधी, कुठे सही, कुणाला फोन, सगळं तोच बघे. शेठ नुसता हात पुढे करत.

एका मंगळवारी खिडकीजवळची खुर्ची रिकामी दिसली. सिस्टर म्हणाल्या, "शेठना किडनी मिळाली. ऑपरेशन छान झालं." सगळ्यांना बरं वाटलं. इस्त्रीवालीलाही.

"चला, माझ्या पुढचा एक कमी झाला," ती म्हणाली.

"पुढचा कसा?" कुजबुजराव हळूच म्हणाले. "ते तर तुझ्या मागून आले."

तिचा गळा हलला. मीसुद्धा पाहिला.

तेवढ्यात यादी सांभाळणाऱ्या मॅडम कागदांचा गठ्ठा घेऊन खोलीत आल्या. कुजबुजरावांनी वाक्य पुरवलं, "विचार, माझं नाव चालू आहे का?"

"नको काका. सारखं विचारलं की माणसं वैतागतात. मग नाव खाली टाकतात. मी तीन वर्षांत एकदाही त्रास दिलेला नाही."

हे तिने असं सांगितलं, की जणू तेवढीच तिची पुण्याई होती.

त्यांनी पुन्हा वाक्य दिलं. मग तिसऱ्यांदा दिलं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मॅडम दारापर्यंत पोचल्या. प्रॉम्प्टरचा एक धर्म असतो: नाट्यगृह कोसळलं तरी वाक्य नटाचंच, आपण मोठ्याने बोलायचं नाही. चौतीस वर्षं पाळलेला तो धर्म त्यांनी त्या दिवशी मोडला.

"मॅडम, हिचं नाव यादीत चालू आहे का?"

दुसरंच कुणीतरी बोललं असं मला वाटलं. एवढा भरदार आवाज या माणसाने इतकी वर्षं कुठे दडवला होता? त्यांचं यंत्र शिट्ट्या मारू लागलं, सिस्टर धावत आल्या. ते त्यांना म्हणाले, "माझं राहू द्या, आधी हिचं बघा."

मॅडमनी कॉम्प्युटरवर शोधलं. नाव होतं, पण अकरा महिन्यांपासून थांबवलेलं. हृदयाची तपासणी दरवर्षी करून द्यावी लागते. ती झाली नव्हती. पत्र पाठवलं होतं, ते परत आलं होतं. मधल्या काळात तिने खोली बदलली होती.

"नियम सगळ्यांना सारखाच आहे," मॅडम म्हणाल्या.

"नियम सारखा आहे, आठवण सारखी नाही. शेठना आठवण करून द्यायला पगारी माणूस होता. हिला कोण होतं?"

मॅडम खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या आणि तपासणीसाठी त्याच आठवड्याची तारीख लिहून दिली. शेठना मिळालेली किडनी तिला मिळाली असती का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. तिने तसं विचारलंही नाही. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे अकरा महिने मी वाट बघतच नव्हते?"

पुढच्या वेळेपासून कुजबुजरावांनी तालीम सुरू केली. सुया टोचून झाल्या की यादीतल्या प्रत्येकाने मोठ्याने तीन गोष्टी सांगायच्या: माझी पुढची तपासणी कधी, माझा फोन नंबर कुठला, माझं नाव चालू आहे की नाही. कुणी पुटपुटलं तर ते म्हणत, "ऐकू आलं नाही, परत." सिस्टर हसायच्या. मग त्या स्वतःच तारखांची आठवण करून देऊ लागल्या. दोन महिन्यांत तिघांची थांबलेली नावं पुन्हा चालू झाली. मी नाटकातली, मला यश ओळखता येतं.

इस्त्रीवालीला फोन आला तो आठ महिन्यांनी, भर दुपारी. दुसऱ्या घंटीला तिने उचलला. कुणीही न सांगता म्हणाली, "हो, नाव चालू आहे. निघाले मी." इस्त्री बंद केली का, हे तिला रिक्षात बसल्यावर आठवलं. शेजारणीने केली होती.

ऑपरेशननंतर चार महिन्यांनी ती तोंडाला मास्क लावून कुजबुजरावांना भेटायला आली. ते बरेच खंगले होते. तिने त्यांचा हात धरला, दोघं नुसती बसून राहिली. या वेळी कुणाचाच गळा हलत नव्हता.

त्याच दिवशी खिडकीजवळच्या खुर्चीत एक नवा पेशंट आला होता, कुठेतरी रखवालदार असलेला. मांडीवर टोपी ठेवून, अंग चोरून बसलेला. मॅडम फेरीला आल्या तसा तो अर्धवट उठला आणि परत बसला.

"विचारायचंय ना?" कुजबुजराव म्हणाले.

"राहू द्या, नंतर विचारेन."

दोन दिवसांनी कुजबुजराव गेले. मधल्या काळात ते कुणाशी बोलले नाहीत, ताकदच नव्हती. म्हणून त्या रखवालदाराला ते जे म्हणाले तेच त्यांचं शेवटचं वाक्य:

"नंतर नाही, आत्ता विचारा, आणि मोठ्याने. शेवटच्या रांगेतल्यानेही तिकीट काढलेलं असतं."