जिती जमीन

आमच्या वाचनालयाच्या माडीवरची सागवानी जमीन करकरायची. ती सडली असं धरून आम्ही प्लाय ठोकून झाकायचं ठरवलं. मापं घ्यायला झरी गावचा एक सुतार आला. त्याने दारातच चपला काढल्या. आम्ही सगळे बुटांसकट आत. गुडघ्यावर बसून तो एकेक फळी बोटांनी ठोकत गेला आणि भडकला.

"कोन म्हनलं सडली म्हून? खिळे ढिले झालेत, बस. जवसाचं तेल कधी पाजलं का हिला?"

"तेवढा वेळ कुणाला आहे?" मी म्हणालो.

"चादर मुडद्यावर टाकत्यात. ही जिती हाय. माझ्या हातून न्हाई व्हायचं."

तो निघून गेला. दुसऱ्या सुताराने प्लाय ठोकलं. आता वर जाताना मी दारात बूट काढतो, आणि तळपायांना ते मुकं प्लाय लागलं की स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटते.