शांत झाल्याशिवाय हलायचं नाही

लूमच्या शेडमध्ये रुई साचते ना, तसेच आमचे किस्से. सकाळी झाडून काढा, दुपारी कोपऱ्यात पुन्हा आहेतच.

कामतघरला आमची शेड. लाइट गेली की माझे आठही लूम बंद आणि बुद्धिबळाचा पट बाहेर. समोर आमचे शेठ गफूरभाई, शेडचे मालक. त्यांना हरवणारा भिवंडीत मी तरी पाहिला नव्हता. मी चालीला फार वेळ लावायचो. ते म्हणायचे, "शंकर, लाइट येईल रे. आता तरी हल."

*

माझी मुलगी सुनंदा कॉम्प्युटर शिकली. बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम तिने स्वतः लिहिला. क्लासचे सर म्हणाले, याने गफूरभाईंना हरवलं तर तुला इथेच शिकवायला ठेवतो.

पहिल्याच डावात कॉम्प्युटरच्या वजिराने एक प्यादं खाल्लं. गफूरभाईंनी शह दिला, पुन्हा शह दिला, आणि वजीर उचलला.

"बेटी, याला भूक आहे, नजर नाही."

सरांनी आठ दिवसांनी आणखी एक डाव ठेवला. शेवटचा.

*

सुनंदा ताटावर बसून राहायची. म्हणाली, बाबा, सगळ्याच चाली खोलवर बघायच्या तर मशीन दिवसभर बसेल. म्हणून ते तीन चाली बघून थांबतं. प्यादं मिळालेलं दिसतं, वजीर जाणार ते दिसत नाही.

मी चौथी शिकलेला. मला आपलं कामच सांगता आलं. "आठ लूम मी सारखे बघत नाही. ज्याचा ठेका बदलला तिथे जातो. तो शांत झाल्याशिवाय हलत नाही."

घास तिच्या हातातच राहिला. "म्हणजे शह, मारामारी चालू असेल तिथे पुढे बघत राहायचं. शांत झालं की थांबायचं."

मग पोटभर जेवली.

*

दुसऱ्या डावात गफूरभाईंनी तसंच प्यादं पुढे केलं. स्क्रीन हलेना.

"अटकला काय?"

"नाही शेठ," मी म्हटलं. "ऐकतोय."

त्याने प्यादं खाल्लं नाही. तासाभराने गफूरभाईंनी आपला राजा आडवा केला, सुनंदाच्या डोक्यावर हात ठेवला आणि सरांना विचारलं, "आजपासून की उद्यापासून?"

*

दुसऱ्या दिवशी शेठ शेडमध्ये आले. आठही लूम धडधडत होते. ते माझ्याशेजारी डोळे मिटून उभे राहिले. बराच वेळ. मग एकदम ओरडले, "सात नंबर!" आणि डोळे उघडले.

मी शेजारी नव्हतोच. सात नंबरचा धागा बांधत होतो.