लाईट गेली की सर बोलतात

आटपाट माकुणसार गाव होतं. तिथं एक म्हातारी, तिचा मुलगा महेंद्र, सून सुषमा, नात हर्षला आणि नातीचा मोबाईल असे पाच जण राहायचे. त्यातली म्हातारी मी. मला अक्षर ओळखू येत नाही, पण कानावर पडलेलं विसरत नाही. आमचा पानवेलीचा मळा आहे. दुपारी पडवीत बसून आम्ही बायका विड्याची पानं निवडतो, एकावर एक रचतो. हर्षलाच्या कॉलेजचे किस्सेही तसेच रचले गेले. पानं निदान बाजारात जातात. हे किस्से घरातच साठले. सांगितले की लोक हसतात आणि मी पुढचं पान निवडायला घेते.

हर्षला बोईसरच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. विषय अर्थशास्त्र. तिला बी.एड. करून शाळेत शिकवायचं आहे. महेंद्र तिकडच्याच कारखान्यात कंत्राटावर. त्याने सांगून ठेवलं होतं, "यंदा पास झालीस तर बी.एड. नायतर पॅकिंगला जायचं. मुकादमाला शब्द दिलाय मी."

*

तर पहिल्यांदा हर्षला म्हणाली, "आजी, आमच्याकडं आता शिकवायला कोण नाय. एकच सर हायत, ते पण तासाच्या पगारावर, आणि दोन कॉलेजं सांभाळतात. आता पॉडकास्टवर शिकवणार."

पानं निवडायला शेजारची कमळा बसली होती. तिने कान टवकारले. "कसली कास्ट?"

"पॉडकास्ट, काकी."

"आपल्यात नाय ती. नवीन आली काय?" कमळा माझ्याकडे वळली. "वयनी, सवलत असंल तर आमच्या सागराचा पण दाखला काढून घेऊ!"

पोरगी हसून लोळली. मी नाही हसले. शिकवायला माणूस नाही, एवढंच माझ्या कानात राहिलं होतं.

*

हे पॉडकास्ट म्हणजे काय, तर सर एकटेच बसून बोलतात, ते मोबाईलमध्ये भरतात आणि पोरांना पाठवतात. पोरांनी हवं तेव्हा ऐकायचं. कल्पना वाईट नाही. हर्षला सकाळी मळ्यात असायची, तिला ते बरंच पडलं असतं.

पण सरांची खोली पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर! दिवसभर खाली घर्रर्र घर्रर्र. त्यात काय बोलणार? म्हणून लाईट गेली, गिरणी थांबली, की सर धावत मोबाईल काढायचे आणि शिकवायचे.

आता तिकडची लाईट गेली की बहुतेक वेळा आमचीही जायची. आमची गेली की टॉवर बंद. टॉवर बंद की सरांचा पाठ वाटेत कुठंतरी लोंबकळत. लाईट येऊन तो मोबाईलमध्ये उतरेपर्यंत मोबाईलच मेलेला!

पोरगी विहिरीजवळच्या टाकीवर चढून मोबाईल वर धरून उभी राहायची. एकदा महेंद्रने विचारलं, "ही काय करते तिथं?"

सुषमा म्हणाली, "कॉलेजला गेलीय."

*

सरांची तब्येत मला पाठ. कोरडा खोकला. "तर मुलांनो, कुठं होतो आपण?" असं म्हणून सुरू करायचे. आवाज भारदस्त, म्हणून मी समजायची, चांगला आडवातिडवा गृहस्थ असणार. पानं निवडता निवडता आम्ही बायकाही ऐकायचो. कळायचं थोडं, पण आवाजाची सवय झाली होती.

एका दुपारी पाठ रंगात आलेला आणि मध्येच लहान मुलीचा आवाज. सरांचीच लेक असणार.

"बाबा, कुणाशी बोलतो?"

"मुलांशी."

"कुठं हायत?"

मला वाटलं मोबाईल बंद पडला. मग खोकला आला आणि सर पुन्हा बँकांबद्दल बोलायला लागले.

हर्षलाने लगेच वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं, "आम्ही आहोत सर."

रेंज नव्हती. तो निरोप दुसऱ्या दिवशी गेला.

*

कमळाच्या पुतण्याची हळद होती. मांडव आमच्या अंगणाला लागून. नाचगाण्याला मोठे स्पीकर आणलेले. हर्षला ओट्यावर अभ्यासाला बसली, मोबाईलचं बटण दाबलं आणि कसं कोण जाणे, तिचा मोबाईल त्या स्पीकरला जोडला गेला! नवरदेवाच्या गालाला हळद लागते आहे आणि सगळ्या गावाला सरांचा आवाज:

"पहिल्या वेळी समाधान सर्वात जास्त! दुसऱ्या वेळी कमी! तिसऱ्या वेळी आणखी कमी! चौथ्या वेळी तर ती वस्तू नकोशी होते!"

सर बिचारे लाडवाबद्दल बोलत होते. पाठाच्या सुरुवातीला तसं सांगितलंही होतं, पण ते कुणी ऐकलं?

नवरदेवाचं दुसरं लग्न होतं.

कमळा मग बरेच दिवस पानं निवडायला आली नाही.

*

मग कॉलेजने पॉडकास्टसाठी खास खोली बांधली. भिंतींना गाद्या, टेबलावर माईक, दाराला फीत. मोठे पाहुणे आले, फीत कापली, भाषणं झाली. हर्षला पेढा घेऊन घरी आली. मला म्हणाली, "आता बघ आजी, लाईटची वाट नाय बघायची!"

मी देवापुढे तो पेढा ठेवला.

पुढच्या आठवड्यात सर चावी मागायला गेले. ऑफिसातला क्लार्क म्हणाला, "ती कायम नेमणुकीच्या सरांसाठी आहे. तासावाल्यांना नाही."

"कायम सर कोण आहेत?"

"जागा रिकामी आहे."

झालं! खोली तयार, माईक तयार, बोलणारा बाहेर. दुपारी शिपाई तिथे झोपतो म्हणतात. हर्षला त्या दाराला कान लावून आली. "आजी, घोरतो तरी जराही आवाज बाहेर येत नाय. काम एकदम पक्कं केलंय!"

*

परीक्षा जवळ आली. महागाईच्या कारणांवर हमखास प्रश्न येतो म्हणे. सरांनी त्यावर पाठ पाठवला, पण तो निम्म्या पोरांकडे उतरेना. हर्षलाने टाकीवर बसून ऐकला, लिहून काढला आणि ग्रुपवर टाकला, सगळ्यांची सोय म्हणून. पुढच्या वेळी लाईट गेली तेव्हा सरांनी नवा धडा घेतला. पोर्शन संपवायचा होता.

परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी बाकी सगळ्या पोरांचे निकाल लागले. हिच्या वर्गाचा राखून ठेवला. कारण काय? कॉपी! साऱ्या वर्गाने एक उत्तर शब्दाला शब्द सारखं लिहिलं होतं. आणि ते कुठून आलं विचारलं, तर पोरांनी हर्षलाचं नाव सांगितलं.

पोरगी जेवेना. महेंद्र ओरडला नाही, तेच जास्त लागलं. नुसता म्हणाला, "मुकादमाला उद्या फोन करतो." सुषमाने बी.एड.चं माहितीपत्रक गादीखाली सरकवलं. देवापुढचा पेढा कधीच मुंग्यांनी नेला होता.

*

चौकशीला पालक बोलावले. महेंद्रची कारखान्यात पाळी होती, म्हणून मी गेले. खोलीत विद्यापीठातून आलेल्या एक मॅडम, त्यांच्या बाजूला तो क्लार्क, बाकांवर हिचा सगळा वर्ग. कोपऱ्यात एक किडकिडीत पोरगा उभा, शर्टाच्या बाहीवर पीठ. तो खोकला आणि मी उडालेच!

"अगो बाई, हेच सर? खोकल्याचं औषध घेत नाय वाटतं तुमी!"

सर लाजले. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग पेपर उचलला.

"हर्षला, महागाईची तीन कारणं लिहिली आहेस. पहिलं, मागणी वाढणं. ठीक. दुसरं, उत्पादनाचा खर्च वाढणं. ठीक. तिसरं..." मॅडम थांबल्या. "'विद्युतपुरवठा पूर्ववत होणे.' हे काय आहे? सगळ्या वर्गाने हेच लिहिलंय! कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाय मॅडम. सरांनी शिकवलं."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी? मी असं कधी..."

हर्षलाने मोबाईल टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. सरांचा भारदस्त आवाज खोलीत घुमला. पहिलं कारण झालं. दुसरं झालं.

"आणि तिसरं, सर्वात महत्त्वाचं कारण... चला, लाईट आली!"

घर्रर्रर्र! गिरणी सुरू. पाठ संपला.

हर्षला रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, मला वाटलं सर उदाहरण देतायत. लाईट आली की बिल येतं, बिल आलं की खर्च वाढतो... मी फक्त शुद्ध मराठीत लिहिलं."

मॅडमनी चष्मा काढला, डोळे पुसले. हसत होत्या की काय, कळेना. क्लार्क खाली बघत होता. मग मॅडम सरांना म्हणाल्या, "बरं, खरं तिसरं कारण कोणतं, ते तरी आता सांगा."

सर पुढे आले. खोकले. तोंड उघडलं.

आणि लाईट गेली!

पंखा गरगरत थांबला. आणि बाकांवरून सगळा वर्ग एका सुरात ओरडला:

"बोला सर! लाईट गेली!"

सरांनी एकदा मॅडमकडे बघितलं, एकदा पोरांकडे. मग बाहीवरचं पीठ झटकलं.

"तर मुलांनो, कुठं होतो आपण?"

पोरांनी वह्या काढल्या. मॅडम क्लार्ककडे वाकून हळूच म्हणाल्या, "त्या एका उत्तराचे मार्क कापा आणि सगळ्यांचे निकाल सोडा. पास आहेत ती." हर्षलाने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "आजी, बी.ए. झाले मी!"

सरांना यातलं काही ऐकू गेलं नाही. ते दुसऱ्या कारणापर्यंत पोचले होते, आणि लाईट अजून आली नव्हती.